नागपूरची एम्प्रेस गिरणी आणि जुम्मा तलावाचा परिसर

कापडाच्या गिरणीचा इतिहास या त्रैमासिकाच्या कक्षेंत येतो काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परंतु जेथें तलाव व वेस गोंड राजाची, शेजार भोसल्यांच्या महालाचा आणि गिरणी पारशी व्यापाऱ्याची, त्या स्थलाचा विचार केवळ अर्थशास्त्रज्ञांवर सोंपवून मोकळें होणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत बख्त बुलंदाचा पुत्र चांद सुलतान यानें नागपुरास तट घातला व शहरालगत तलाव बांधविला. तटाच्या वेशींपैकीं जुम्मा दरवाजा अद्यापि उभा आहे. त्यास आतां गांधी गेट म्हणतात. तलावाचें नांव जुम्मा, त्याचेंच देशी रूप शुक्रवारी, आणि हल्लींचें गांधीसागर. हीं तिन्ही नांवें एकाच जलाशयाचीं होत, हें जुने कागद लावणारांनीं ध्यानांत ठेवावें.

तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरांत निवर्तले व पुढच्याच वर्षीं राज्य खालसा झालें. १८६७ त आगगाडी नागपुरास पोंचली. जमशेटजी टाटा यांस गिरणी कापसाच्या मुलखांतच काढावयाची होती. त्यांची दृष्टि प्रथम जबलपुराकडे होती. तेथील जागेवर एका फकिराचें वास्तव्य असल्यानें तो बेत राहिला, असें त्यांचे इंग्रज चरित्रकार हॅरिस लिहितात. नागपुरास हिंगणघाटचा कापूस जवळ आणि वरोऱ्याचा कोळसाही फार दूर नव्हे. १८७४ त पंधरा लक्ष रुपये भांडवलाची कंपनी निघाली आणि जुम्मा तलावानजीकची दलदलीची जमीन पसंत करण्यांत आली. ती भरून काढण्यास माती लोटूं लागतांच एका स्थानिक सावकारानें, हा मनुष्य पैसा जमिनींत पुरतो आहे, अशा समजुतीनें भांडवल देण्याचें नाकारलें. पुढें नफा दिसूं लागल्यावर, मातींतून सोनें निघालें, अशी कबुली त्यानेंच दिली म्हणतात. आख्यायिका म्हणून ती गोड आहे. आमच्या मतें मात्र तींतील खरें महत्त्वाचें पद ‘माती’ हेंच होय, कारण त्या भरावामुळें तलावाकांठचें जुनें भूरूप कायमचें पालटलें.

१ जानेवारी १८७७ रोजीं गिरणी सुरू झाली. त्याच दिवशीं दिल्ली दरबारांत व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यांत आलें. ‘एम्प्रेस’ हें नांव त्यावरून पडलें. कंपनीचें नांव मात्र ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ असें लांबलचक होतें. संग्राहकांनीं ‘एम्प्रेस’ एवढाच शब्द धरून दप्तरें चाळलीं तर निम्मे कागद हातचे निसटतील.

आरंभीं १५,५५२ थ्रॉसल चात्या, १४,४०० म्यूल चात्या व ४५० माग होते. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या नोकरींतून आलेले. कापडाचा अनुभव त्यांस नव्हता. यंत्रांचें काम ब्रुक्सबी नांवाच्या लँकेशायरच्या माणसाकडे होतें. लँकेशायरचे कारखानदार अमेरिकेंत निघालेल्या रिंग चात्यांविषयीं साशंक असतांना त्यांचा प्रयोग या गिरणींत झाला व तो यशस्वी ठरला.

या चात्यांवर काम करणारे कोण, हा प्रश्न आम्हांस यंत्रांहून मोलाचा वाटतो. नागपूरचें तलम, रेशीमकांठी कापड कोष्ट्यांचें. आसपासच्या खेड्यांतील जाडेंभरडें कापड पुष्कळ अंशीं महारांचें. गिरणीच्या मालानें या दोघांच्याही हातमागांवर गदा आणली, आणि त्यांच्यांतीलच अनेक मंडळी गिरणींत मजूर म्हणून आली. पुढें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीस नागपुरांत जें बळ लाभलें, त्यांत गिरणीकामगारांचा वांटा मोठा होता. गिरणीनें १८८६ त पेन्शन निधि व १९०१ त प्रॉव्हिडंट फंड सुरू केला. अशा निधीस हजऱ्या लागतात, वेतनाचीं पुस्तकें लागतात, वारसांचीं नांवें लागतात. ज्या घरांची वंशावळ भाटानें कधीं लिहिली नाहीं, त्यांचीं नांवें या वह्यांत चढलीं.

१९८६ त गिरणी सरकारी महामंडळाकडे गेली व २००२ त बंद पडली. त्या जागीं आतां मोठी बाजारपेठ उभी आहे आणि तिच्याही नांवांत ‘एम्प्रेस’ शब्द टिकून आहे. उत्तर नागपुरांत इंदोऱ्याजवळ कामगारांसाठीं वसविलेली वस्ती बेझनबाग म्हणून ओळखली जाते. हें नांव त्याच बेझनजी मेहतांचें.

बंद गिरणीचे कागद रद्दींत जाण्यास फार दिवस लागत नाहींत. पोथ्यांच्या शोधार्थ नागपुरास जाणाऱ्या सभासदांनीं बेझनबागेंतील व महालांतील जुन्या घरांतून हजेरीचीं तिकिटें, फंडाच्या वह्या, पगाराच्या चिठ्ठ्या व कापडावरील छापाचे नमुने यांचीही चौकशी करावी. आणि मूळ देण्यास घरचे लोक राजी नसल्यास निदान नकल, तारखेसह, उतरून घ्यावी.