क्रूझ की रो-रो? तिकीट काढण्याआधी

मैत्रिणींनो, क्रूझ म्हटलं की आपल्याकडं आधी माणसांनी खच्चून भरलेली क्रूझर जीप आठवते. ही क्रूझ समुद्रातली. गटातल्या बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून आज हिशोबच मांडतो.

मुंबईहून गोव्याला जाणारी कॉर्डेलिया म्हणजे तरंगतं हॉटेल. खोली, जेवण तिकिटातच. पण जाहिरातीतला आकडा एका माणसाचा, तोही बहुधा बिनखिडकीच्या खोलीचा. जीएसटी, बंदराचे पैसे वेगळे धरा. घरात पाच माणसं असतील तर आधी गुणाकार करा. एकूण किती, लेकराचे किती, रद्द केलं तर परत किती, हे लेखी घ्या. यासाठी गटाचं कर्ज मात्र उचलू नका.

दुसरी वाट रो-रोची. लातूर एक्सप्रेस किंवा नांदेडहून देवगिरीनं सकाळी मुंबईत उतरा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून ही बोट जाते, तासाभरात पोचते. तिच्यात जीपसुद्धा चढते! पुढं अलिबाग, ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. गेटवेवरूनही लहान बोटी मांडव्याला जातात, पण पावसाळ्यात बंद असतात. पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या घरानं रो-रोच धरावी, असं आम्हाला वाटतं.

१८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, माणसं दगावली. म्हणून लहान बोटीत लाईफ जॅकेट नुसतं मांडीवर ठेवू नका. घाला, पट्टा आवळा, आणि लेकरासाठी त्याच्या मापाचं मागून घ्या.