धक्क्यावरच्या सावल्या

कुशल परदेशी कर्मचाऱ्याला अमेरिकेत ठरावीक मुदतीपुरती नोकरी करू देणारा परवाना म्हणजे एच-१बी व्हिसा. त्याच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरचे शुल्क लादणारी सप्टेंबर २०२५ मधील घोषणा मराठी घरांत एव्हाना पाठ झाली आहे. पण दार लावून घेणाऱ्या अशा धोरणाच्या वर्मावर व्यंगचित्राने १३० वर्षांपूर्वीच बोट ठेवले होते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

न्यूयॉर्कच्या ‘पक’ या व्यंगसाप्ताहिकात ११ जानेवारी १८९३ रोजी जोसेफ केप्लर यांचे एक रंगीत चित्र प्रसिद्ध झाले. बंदराच्या धक्क्यावर उंची कोट घातलेले सुखवस्तू गृहस्थ हात उभारून उभे आहेत, जहाजाच्या फळीवरून ओझे घेऊन उतरणाऱ्या माणसाला ते थोपवीत आहेत, आणि त्यांच्या मागे ज्या प्रचंड सावल्या पडल्या आहेत त्या त्यांच्या आजच्या रूपाच्या नाहीत. त्या एके काळी अशाच दरिद्री अवस्थेत त्याच धक्क्यावर उतरलेल्या त्यांच्या स्वतःच्या, किंवा त्यांच्या वाडवडिलांच्या आहेत. केप्लर स्वतः व्हिएन्नात जन्मलेले, म्हणजे तेही बाहेरूनच आलेले. विसंगती, म्हणजे बोलणे एक आणि वास्तव दुसरे असा विरोध, हा विनोदाचा प्राण मानला जातो. येथे तो सावलीने साधला आहे, आणि म्हणूनच येणाऱ्या गरिबाला हास्यास्पद न करता अडवणाऱ्यालाच उघडे पाडणारे हे चित्र या प्रकारातील सर्वश्रेष्ठ ठरते.

मराठीत मात्र या शस्त्राचे टोक बराच काळ उलट दिशेला होते. १३ ऑगस्ट १९६० रोजी सुरू झालेल्या ‘मार्मिक’ या व्यंगचित्र-साप्ताहिकाने मुंबईतील नोकऱ्यांचा प्रश्न ऐरणीवर आणला, त्यातून १९६६ मध्ये शिवसेना उभी राहिली, आणि या प्रवासात बाळासाहेब ठाकरे यांच्या कुंचल्याचा वाटा मोठा होता. मराठी तरुणाची बेकारी खरी होती, रेषाही विलक्षण जोरकस होती; तरीही दक्षिणेकडून आलेला कारकून त्या टीकेचे लक्ष्य झाला, हे नाकारता येत नाही. प्रश्न देशांतर्गत स्थलांतराचा असला, तरी धक्का तोच होता.

त्या धक्क्यावरची सावली कोकणाइतकी दुसऱ्या कोणाला ओळखीची असणार? रायगड जिल्ह्यातील तळा तालुक्यासारख्या डोंगराळ भागात भाताची एकपिकी शेती वर्षभर पुरत नाही, म्हणून घरातला कर्ता मुंबईला जातो, गणपती-शिमग्याला परततो आणि गावात ‘चाकरमानी’ म्हणून ओळखला जातो. गिरणगावातल्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा हा माणूस शहराच्या दृष्टीने बाहेरचाच होता. याच पट्ट्यातील, तेव्हाच्या कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील, कोकणी मुसलमान समुद्रापलीकडे केपटाउनपर्यंत गेले. तेथे १९०६ च्या कायद्यानुसार, गावी येऊन परत जायचे असेल तर परवाना घ्यावा लागे, त्यावर छायाचित्र आणि हाताचा ठसा असे, आणि मुदतीत न परतल्यास पुन्हा प्रवेशाचा हक्क धोक्यात येई. लग्नासाठी किंवा आजारी आईसाठी गावी आलेल्या माणसाच्या खिशातला तो ठशाचा कागद केप्लर यांच्या सावलीइतकाच बोलका आहे, आणि आजच्या मराठी व्यंगचित्रकाराने तो रेखाटायलाच हवा.

मात्र असे चित्र काढणे आज निर्धोक राहिलेले नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने १०४ भारतीयांना, त्यांतील अनेकांना हातापायांत बेड्या घालून, लष्करी विमानाने अमृतसरला पाठवले, त्यानंतर तमिळ ‘विकटन’च्या डिजिटल नियतकालिकाने ट्रम्प यांच्या शेजारी बेड्या घातलेले पंतप्रधान रेखाटले, आणि काही दिवसांतच विकटनचे संकेतस्थळ रोखण्यात आले. मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते पुन्हा खुले करण्याचा आदेश दिला, तोही ते एक चित्र तूर्त काढून ठेवण्याच्या अटीवर.