राज्यशास्त्र समजून घेताना (भाग ६) : बेरुबारी, पावणेनऊ चौरस मैलांचा अभ्यासक्रम

स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शिका बेरुबारीला दीड ओळीत उरकतात. उद्देशिका राज्यघटनेचा भाग नाही, असे सर्वोच्च न्यायालय १९६० मध्ये म्हणाले आणि १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात ते मत बदलले. एवढे पाठ केले की एका गुणाची सोय होते. पण ही बेरुबारी आहे कुठे, तिथे कोण राहत होते आणि उद्देशिकेचा प्रश्न तिथल्या भातशेतीपर्यंत पोहोचलाच कसा, हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. खरे तर राज्यघटना, शासनव्यवहार आणि आंतरराष्ट्रीय संबंध हे तीन वेगळे घटक एकाच विषयाचे आहेत, हे या प्रकरणाइतके स्वच्छ क्वचितच दिसते.

बेरुबारी युनियन क्रमांक १२ पश्चिम बंगालच्या जलपाईगुडी जिल्ह्यात आहे. क्षेत्रफळ पावणेनऊ चौरस मैल, त्या वेळची वस्ती दहा-बारा हजारांची. फाळणीच्या वेळी सर सिरिल रॅडक्लिफ यांनी हा जिल्हा पोलीस ठाण्यांच्या हद्दींनुसार विभागला. बेरुबारी ज्या ठाण्यात होती, ते भारताकडे आले. मात्र सीमेचे वर्णन करताना एका ठाण्याचा उल्लेख राहून गेला आणि सोबतच्या नकाशावरची रेघही चुकली. या चुकीवर बोट ठेवून पाकिस्तानने १९५२ मध्ये बेरुबारीवर हक्क सांगितला.

सप्टेंबर १९५८ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोज खान नून यांच्यात करार झाला. बेरुबारी अर्धी-अर्धी वाटायची आणि कूचबिहारच्या परिसरात एकमेकांच्या हद्दीत अडकलेली छिटमहाले, म्हणजे परक्या मुलखाने चारही बाजूंनी वेढलेल्या वस्त्या, अदलाबदल करून टाकायच्या, असे ठरले. शेजाऱ्याशी भांडण मिटावे, हा हेतू चांगलाच होता. पण पश्चिम बंगालमध्ये विरोध उसळला. देशाची जमीन दुसऱ्याला देण्याचा अधिकार पंतप्रधानांना कोणी दिला, हा प्रश्न आता टाळता येईना.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी एप्रिल १९५९ मध्ये कलम १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. मार्च १९६० मध्ये आठ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने उत्तर दिले. ते लिहिले होते साताऱ्यात जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या आणि पुढे सरन्यायाधीश झालेल्या प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी.

सरकारचे म्हणणे होते की यात जमीन दिली जात नाही, आधीपासून असलेली सीमा फक्त निश्चित केली जात आहे. न्यायालयाने ते मानले नाही. बेरुबारी रॅडक्लिफ यांच्या निवाड्याने भारताला मिळाली होती, ती भारताच्या ताब्यात होती. तिचा अर्धा भाग सोडणे म्हणजे भूभाग देणेच. दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद होता की उद्देशिकेनुसार भारत सार्वभौम आहे, म्हणून त्याची एक तसूही जमीन कोणालाच देता येणार नाही. न्यायालयाने तेही नाकारले. भूभाग मिळवणे आणि गरज पडल्यास सोडणे, हे दोन्ही सार्वभौमत्वातच येते. उद्देशिका त्यावर बंधन घालत नाही. मार्गदर्शिकेतले ते प्रसिद्ध वाक्य या ठिकाणचे आहे.

मग जमीन द्यायची कशी? कलम ३ राज्यांच्या सीमा बदलण्यापुरते आहे. देशाचा भूभाग परदेशाला देण्यासाठी त्याखालचा साधा कायदा पुरत नाही. त्यासाठी कलम ३६८ खाली घटनादुरुस्ती हवी. मागच्या भागात पाहिलेले विशेष बहुमत इथे थेट परराष्ट्र धोरणाच्या वाटेत उभे राहते. करारावर सही करण्याचा अधिकार सरकारचा, पण जमिनीचा शेवटचा शब्द संसदेचा.

त्याप्रमाणे डिसेंबर १९६० मध्ये नववी घटनादुरुस्ती झाली. तरीही खटले चालूच राहिले आणि प्रत्यक्ष हस्तांतर झाले नाही. १९७१ मध्ये तर समोरचा देशच बदलला, पाकिस्तानच्या जागी बांगलादेश आला. मे १९७४ मध्ये इंदिरा गांधी आणि बांगलादेशाचे पंतप्रधान शेख मुजीबुर रहमान यांनी नवा करार केला. दक्षिण बेरुबारीचा वादातला भाग भारताने ठेवायचा, दहग्राम आणि अंगरपोता ही छिटमहाले बांगलादेशाने ठेवायची आणि तिथे जाण्यासाठी भारताने ‘तीन बिघा’ची वाट द्यायची. बांगलादेशाने त्याच वर्षी आपली घटना दुरुस्त केली. भारतात मात्र त्यासाठी लागणारे विशेष बहुमत जुळायला २०१५ साल उजाडले.

ही एक्केचाळीस वर्षे संसदेसाठी एक प्रलंबित विषय होती. छिटमहालांतल्या माणसांसाठी ते अख्खे आयुष्य होते. कागदावर भारतीय असलेल्या माणसाला स्वतःच्या देशात पाऊल टाकण्यासाठी परक्या देशातून चोरून जावे लागे. मतदान नाही, पोलीस नाही, वीज नाही. मुलाला शाळेत घालायचे तर कोणा दुसऱ्याचे नाव बाप म्हणून लावायचे. ‘दहाला खागराबाडी’ तर बांगलादेशातल्या भारतीय छिटमहालात असलेल्या बांगलादेशी तुकड्यातला भारताचा तुकडा होता! नागरिकत्व म्हणजे नेमके काय, हे शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात या माणसांची गोष्ट सांगितली गेली पाहिजे.

मे २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांत विरोधात एकही मत न पडता मंजूर झाली. ३१ जुलैच्या मध्यरात्री भारताची १११ छिटमहाले बांगलादेशात आणि बांगलादेशाची ५१ भारतात विलीन झाली. पन्नास हजारांहून अधिक लोकांना आपला देश निवडता आला. त्यांतल्या बहुतेकांनी घर सोडले नाही, नागरिकत्व बदलले.

हे प्रकरण अभ्यासताना तीन गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात: १९६० चे न्यायालयाचे मत, १९७४ चा करार आणि शंभराव्या दुरुस्तीचे परिशिष्ट. न्यायालयाचे मत फार लांब नाही आणि त्याची मांडणी अतिशय सुबोध आहे.

पुढील भागात कच्छचे रण. तिथे आंतरराष्ट्रीय लवादाच्या १९६८ च्या निवाड्यानुसार काही भाग पाकिस्तानकडे गेला, पण सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये घटनादुरुस्तीची गरज नाही असे ठरवले. बेरुबारीला एक न्याय आणि कच्छला दुसरा का, ते तेव्हा पाहू.