पुस्तकांच्या बाजारातील दलाल

कापडाच्या धंद्यात दलाल कोणाला चुकलेला नाही. सांगोल्यात बसून सुरतेचा किंवा इचलकरंजीचा माल मागवायचा तर मध्ये दलाल येतोच. माल बनविणाऱ्याला तो गिऱ्हाईक आणून देतो, भाव ठरवितो, वसुली पाहतो व आपली दलाली घेतो. पुस्तकांच्या बाजारातही असा पेशा आहे. त्याला 'लिटररी एजंट' म्हणतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये ए. पी. वॅट यांनी हा पेशा नावारूपास आणला. किपलिंग यांच्यासारख्या लेखकांचे व्यवहार ते पाहत व १० टक्के दलाली घेत. आज इंग्लंड-अमेरिकेत साधारण १५ टक्के चालतात. अरुंधती रॉय यांच्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित वाचून डेव्हिड गॉडविन हे एजंट लंडनहून थेट भारतात आले. १९९७ साली त्या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले.

एजंट माल नव्हे, हक्क विकतो. छापण्याचा हक्क एकाला, अनुवादाचा दुसऱ्याला, सिनेमाचा तिसऱ्याला. लेखकाला पैसे मिळाले तरच त्याला दलाली. म्हणून या पेशात पडणाऱ्या तरुणाला वाचनाची आवड, इंग्रजी, कराराचे ज्ञान व चोख हिशोब हवा. शिवाय सुरुवातीची कोरडी वर्षे काढण्याची तयारी हवी. जो लेखकाकडूनच आधी फी मागतो, त्याच्यापासून दूर राहावे.

मराठीत हा पेशा रुजलेला नाही. लेखक स्वतःच प्रकाशकाशी बोलतो. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आपल्यातही लिहिणारे आहेत. एजंट नसेल तर त्याचे काम लेखकाने स्वतःच केले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी व सहीनिशी लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. हा हक्क लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

म्हणजे पुस्तक ही दुकानाच्या जागेसारखी मिळकत आहे. चार पैसे रोख दिसले म्हणून कायमचे सर्व हक्क लिहून देणारा आपल्या मुलाबाळांचा वाटाही विकतो. गाळा भाड्याने देताना आपण मुदत व भाडे कागदावर घेतो. पुस्तकाच्या बाबतीतही तेच करावे.