पंचगंगेत मासे मरतात, तेव्हा

शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसला की काठावर पहिला शब्द निघतो तो विषाचा. कुणी पाण्यात विष घातले असेल, असा संशय लगेच येतो. कधी तसे घडतेही. पण विषाचा थेंब नसतानाही मासे मरतात. ते गुदमरतात.

माशांसाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. मैला असो की साखर कारखान्याची मळी, ती कुजवणारे जिवाणू हाच प्राणवायू संपवतात. ऊन तापले की तो मुळातच कमी मावतो: २० अंशांच्या पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. रात्री शेवाळही प्राणवायू वापरते, त्यामुळे पहाटे तो तळ गाठतो. भर दुपारी घेतलेला एकच नमुना म्हणूनच फसवा ठरू शकतो.

वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, हा दिलासाही पंचगंगेला पुरत नाही. प्रयाग चिखलीहून नृसिंहवाडीकडे जाणारी ही नदी पावसाळ्यानंतर फारशी वाहतच नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पाणी अडवणारे बरगे घातले की तिची डबकी होतात. शेतीला ते पाणी हवेच. पण बरगे काढताच साठलेली घाण एकदम खालच्या गावांवर जाते.

दोष एकट्या कारखान्यांचाही नाही. जयंती नाल्यातून येते ते कोल्हापूरच्या घराघरांतले सांडपाणी. त्यासाठी कसबा बावड्याला दिवसाला ७ कोटी ६० लाख लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र उभे राहिले. पण जे सांडपाणी केंद्रापर्यंत पोचत नाही, ते नदीतच जाते.

केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पाणी शुद्ध करते, हेही अर्धेच खरे. ते पाण्यातली पोषकद्रव्ये शोषते, पण वेळेत काढले नाही तर तिथेच कुजून ती परत देते.

आणि नितळ पाणी सुरक्षित, हा समज? २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. दूषित पाण्यातून कावीळ पसरवणारा विषाणू पाण्याचा रंग बदलत नाही, वासही नाही. मैल्याचा माग काढायला जिवाणूंची तपासणी लागते: निर्जंतुक बाटली, बर्फाची पेटी आणि वेळेत गाठलेली प्रयोगशाळा.

प्राणवायूची चाचणी मात्र काठावरच सुरू होते. काचेच्या बाटलीत नदीचे पाणी काठोकाठ भरून दोन रसायने घालतात. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला, तर त्या पाण्यात माशाला श्वास नाही.