आई, विठोबा आणि तीन इंच

बालमित्रांनो, आज तुम्हांला एक गंमत विचारते. तुमच्या घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत किती पायऱ्या आहेत? आठवून सांगा बरं! बघा, सांगता येईना ना? रोज चारदा चढता-उतरता, पण मोजल्या कुणी? मलाही आमच्या घराच्या पायऱ्या किती ते ठाऊक नव्हतं. २०१७ सालच्या पावसाळ्यात मात्र कळलं. चार.

त्या पावसाळ्यात माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. बोलणं हळूहळू सुधारलं, पण चालणं काही परत आलं नाही. घरात चाकाची खुर्ची आली.

माझी आई वारकरी. गळ्यात तुळशीची माळ. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचं अंतर तिनं अकरा वेळा पायी तुडवलेलं. पायाला फोड आले तरी तिची तक्रार नसायची. आणि आता तिच्यात आणि रस्त्यात चार पायऱ्या उभ्या होत्या!

दिवाळी झाली आणि एके दिवशी ती हळूच म्हणाली, “एकदा कळस तरी बघायचा होता गं.”

मी म्हटलं, “त्यात काय! आपण जीप ठरवू. चौघं उचलून तुला आत बसवतील.”

आई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, “गाठोडं उचलतात तसं? परक्या माणसांनी बखोटीला धरायचं? नको बाई. तसं न्यायचं असेल तर मला नकोच.”

मित्रांनो, मला तेव्हा जरा रागच आला. वाटलं, आपण एवढं करतोय आणि हिचं हे काय! पण विचार करा. तुम्हांला न विचारता कुणी उचलून इकडचं तिकडे ठेवलं तर आवडेल का? शरीर दुबळं झालं म्हणून मान थोडाच दुबळा होतो?

त्या रात्री आईनं माझ्या सातवीतल्या पुतणीला संत कूर्मदासांची गोष्ट सांगितली. कूर्मदास पैठणचे. त्यांना हातपाय नव्हते. कीर्तनात पंढरीचा महिमा ऐकला आणि ते निघाले. कसे? पोटावर सरकत, लोळत! महिनोन् महिने असे सरकत ते लऊळ या गावापर्यंत पोहोचले. हे गाव सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे. तिथून पुढं जाणं काही जमेना. तेव्हा म्हणे पांडुरंगच त्यांना भेटायला लऊळला आला. आजही तिथं कूर्मदासांचं मंदिर आहे.

पुतणीनं लगेच विचारलं, “मग आजी, आपल्याकडे का नाही येत विठोबा? तुलाही चालता येत नाही की!”

आम्ही सगळे चपापलो. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “कूर्मदास निघाले होते ना, बाळा. मी तर ‘नको’ म्हणून बसून राहिलेय.”

झालं! दुसऱ्या दिवसापासून पुतणीनं मोजपट्टी हातात घेतली.

शाळेत तिचं गुणोत्तर-प्रमाण चाललं होतं. कुठून तरी तिनं माहिती काढली, की चाकाच्या खुर्चीसाठी उतार करायचा तर तो १:१२ या प्रमाणात हवा. म्हणजे १ इंच उंची चढायला १२ इंच, अर्थात एक फूट लांबीचा उतार. त्याहून तिरपा झाला तर ढकलणाऱ्याला दम लागतो आणि खुर्ची मागं कलंडायची भीती असते.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. एसटीच्या पायऱ्या उंच आणि दार अरुंद, ते जमणारं नव्हतं. रेल्वेत अपंगांसाठी वेगळा डबा असतो, पण आमच्या घरापासून स्टेशन, तिथला पूल, मग पुन्हा उतरल्यावर दुसरं वाहन, असे चार-पाच चढउतार निघाले. ओळखीच्या एका जीपचा तळ मोजला. २४ इंच! पुतणी बोटं मोजून म्हणाली, “आत्या, २४ फुटांचा उतार लागेल. त्याचं टोक समोरच्या काकूंच्या ओसरीत जाईल!” सगळे हसले. आईसुद्धा हसली. कितीतरी दिवसांनी.

वाट दाखवली ती आईला व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी. त्या म्हणाल्या, “खुर्ची गाडीत चढवायचा हट्टच कशाला? आजींना खुर्चीतून गाडीच्या सीटवर सरकता आलं म्हणजे झालं. एक गुळगुळीत फळी घ्या. तिचं एक टोक खुर्चीवर, दुसरं सीटवर. झाला पूल! मात्र दोन्ही जागा साधारण एका उंचीला हव्यात.”

पुन्हा मोजपट्टी! आईच्या खुर्चीची बैठक २० इंच. जीपची सीट फार उंच, लांबुळक्या मोटारीची फार खाली. शेवटी शेजारच्या दादांची उंच छताची छोटी गाडी मापात बसली. तिची पुढची सीट २३ इंच. फरक फक्त तीन इंचांचा!

मग सुतारकाकांनी दोन वस्तू करून दिल्या. एक घासूनपुसून गुळगुळीत केलेली भक्कम फळी. आणि दुसरा तीन इंच उंचीचा मोठा, मजबूत पाट, त्याला पुढं उतार जोडलेला. उताराची लांबी किती असेल सांगा पाहू? बरोबर, तीन फूट! खुर्ची उतारावरून पाटावर चढवली, की तिची बैठक आणि गाडीची सीट एका रेषेत.

घराच्या चार पायऱ्यांचं काय केलं? मागच्या अंगणाच्या दाराला एकच पायरी होती. तिथं मातीचा भराव टाकून वर फरशी बसवली. इतकी वर्षं ते दार आम्ही फक्त धुणं वाळत घालायला वापरत होतो!

पंधरा दिवस सराव चालला. त्यात आम्ही काय काय शिकलो, ते तुम्हीही लक्षात ठेवा. आधी खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावायचे. पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या. खुर्चीचा गाडीकडचा हात काढून ठेवायचा. लुळा पडलेला हात कधीही ओढायचा नाही, त्यानं खांद्याला इजा होते. शक्यतो धडधाकट बाजूकडे सरकायचं. आपल्याकडे पुढची बसायची सीट डाव्या दाराशी असते, म्हणजे आत सरकताना आईची चांगली उजवी बाजू पुढं. उतरताना उलटं, म्हणून तेव्हा एकानं समोर उभं राहून जास्त जपायचं. तीव्र उतारावरून खुर्ची खाली न्यायची तर उलटी, म्हणजे ढकलणाऱ्यानं मागं मागं उतरत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, हात लावण्याआधी विचारायचं, “आई, तयार आहेस?”

पहिल्या दिवशी आई अर्ध्यावर थांबली. घाम फुटला. “नाही जमायचं,” म्हणाली. आठव्या दिवशी तिनं उजव्या हातानं दाराची कड धरली, “पांडुरंग पांडुरंग” म्हणत सरकली आणि सीटवर बसली. कुणीही उचललं नव्हतं!

२०१८ च्या फेब्रुवारीत, माघी वारीची गर्दी ओसरल्यावर आम्ही निघालो. खुर्ची घडी करून मागं, फळी पायाशी, पाट टपावर. वाटेत आईला एकच रुखरुख लागली होती. “वारी पायी करायची असते. ही काय वारी!” पुतणी म्हणाली, “आजी, माऊलींच्या पादुका कशातून जातात?” रथातून! बैलांच्या रथातून पालखी जाते, हे आईला का ठाऊक नव्हतं? ती खुदकन हसली आणि मग तिनं जी भजनं सुरू केली, ती लऊळ येईपर्यंत.

होय, वाट वाकडी करून आम्ही आधी लऊळला गेलो. कूर्मदासांपुढं आईनं उजवा हात कपाळाला लावला. काय मागितलं ते सांगितलं नाही.

पंढरपुरात महाद्वारापाशी नामदेव पायरी आहे. संतांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. तिच्यावर कुणी पाय देत नाही, सगळे डोकं टेकवतात. आईनं खुर्चीतूनच पायरीला नमस्कार केला आणि मान वर करून कळस पाहिला. आषाढीच्या गर्दीत कितीतरी वारकरी कळसाचं दर्शन घेऊनच माघारी फिरतात. आई म्हणाली, “पोचले रे बाबा. माझी मी पोचले.”

मित्रांनो, आमच्याकडे गाडीवाले दादा होते, सुतारकाका होते. सगळ्यांकडे असतात असं नाही. म्हणून कायदाही हवा. अपंगांच्या हक्कांसाठी आपल्या देशात १९९५ साली कायदा झाला. त्याची जागा २०१६ च्या नव्या कायद्यानं घेतली. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. बसथांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळ सगळ्यांना वापरता यावेत, असं हा कायदा सांगतो. ३ डिसेंबर २०१५ ला, जागतिक अपंग दिनी, ‘सुगम्य भारत अभियान’ही सुरू झालं. दिव्यांगांना ओळखपत्र मिळतं, एसटी आणि रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. पण सवलतीचं तिकीट हातात असूनही पायरी चढता आली नाही, तर उपयोग काय? म्हणून कायद्याबरोबर मोजपट्टी घेतलेली माणसंही हवीत.

तेव्हा या रविवारी एक काम करा. आपल्या घराच्या, शाळेच्या, जवळच्या देवळाच्या पायऱ्या मोजा. एकूण उंची किती इंच, उतार किती फुटांचा लागेल, गणित करा. आईबाबांना, गुरुजींना दाखवा. कुणास ठाऊक, तुमच्या गल्लीतही कुणी आजी, कुणी मित्र, फक्त तीन इंचांसाठी घरात अडकून बसला असेल!

मग, मोजाल ना?