गळ्यातली माती

टायबेरियस हा रोमचा दुसरा सम्राट. इ.स. 14 ते 37 एवढा काळ त्याने राज्य केलं, त्यातली शेवटची वर्षं राजधानीकडे पाठ फिरवून काप्री बेटावर काढली, आणि दख्खनचं पठार काही त्याने जन्मात पाहिलं नाही. तरीही त्याचा चेहरा इथल्या माणसांच्या गळ्यात लटकत होता, तोही मातीत उमटलेला. तेलंगणातल्या कोंडापूरच्या उत्खननात त्याच्या नाण्यांवरून घडवलेली मातीची पदकं निघाली. रोमन नाण्यांची नक्कल केलेली अशीच पदकं आपल्याकडे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडली आणि पार ओडिशात, भुवनेश्वरजवळच्या शिशुपालगडलाही सापडली. रोमन मुलगे लहानपणी गळ्यात जो ताईत घालत त्याला ‘बुला’ म्हणत. त्यावरून पुरातत्त्वाच्या पुस्तकांत या पदकांनाही बुला हेच नाव पडलं. आकाराने नाण्याएवढीच, मात्र दोरा ओवायला कडी किंवा भोक ठेवलेली. बाजारात खर्च करायची वस्तू ही नव्हेच, ही मिरवायची.

तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तकात त्याचा रस्ताच दिला आहे: भडोचहून दक्षिणेला वीस दिवस चाललं की पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथलं सुती कापड गाड्यांत भरून, आडवाटांनी भडोच बंदराकडे जाई. उलट दिशेने रोमचं चांदी-सोनं येई. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो, अशी कुरकुर रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवली आहे. त्यातली काही नाणी तेरणेच्या काठापर्यंत आली असणार आणि कुणा कारागिराने त्यातलं एखादं ओल्या मातीत दाबून पाहिलं असणार. साचा तयार! त्या साच्यातून मग हवे तेवढे सम्राट काढा.

नाण्याचा दागिना करण्याची ही खोड आपल्याला नवी नाही. पुतळ्यांची माळ घ्या. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवर उभ्या मूर्ती असत म्हणून त्यांना इकडे पुतळी म्हणत, आणि ती ओवून माळा होत. आजीच्या गळ्यातल्या पुतळीवर कुठल्या देशाचा कारभारी उभा आहे, हे आजीने कधी विचारलं नाही. तेरच्या बाईनेही टायबेरियसची चौकशी केली नसेल. लांबून आलेली, चकचकीत माणसांच्या हातात दिसणारी वस्तू गळ्यात असली म्हणजे झालं.

यावर सरळ शेरा मारता येतो की ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांनी मातीवर भागवलं. त्या काळचं बेन्टेक्स म्हणा. मला हा शेरा अर्धाच पटतो. हडप्पा आणि मोहेंजोदडोला मातीच्या अशा बांगड्या मिळाल्या आहेत, की त्या भाजायला बंद भांडी, धुरकट आच आणि एरवीच्या मडक्यापेक्षा बरीच जास्त उष्णता लागली. त्यांतल्या काहींवर बारीक अक्षरं कोरली आहेत आणि भाजायच्या भांड्यांवर मोहर उठवली आहे. एवढी राखण फुटकळ वस्तूची कुणी करत नाही. माती स्वस्त असते, पण तिच्यावर किती मेहनत चढवायची हे माणूस ठरवतो. शिवाय सोन्याचं एक आहे, ते वितळतं. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीचा दागिना मोडून आपला करते. भाजलेली माती मोडून काहीच होत नाही, म्हणून ती पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, पडून राहते.

तेरची पांढर मोठी आहे. रामलिंगप्पा लामतुरे हे तिथलेच गृहस्थ. पांढरीत सापडणाऱ्या वस्तू ते आयुष्यभर जमवत राहिले. त्यांच्याच नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आज गावात आहे. रीतसर खणणं नंतर झालं, त्यातलं 1958चं उत्खनन पुरातत्त्वज्ञ चापेकरांचं. या संग्रहात मला सगळ्यांत जास्त खिळवून ठेवतात त्या केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या, सातवाहनकाळातल्या छोट्या स्त्रीमूर्ती. या मातीत लोह जवळजवळ नसतं, त्यामुळे भाजल्यावर ती लाल होत नाही. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही चिकटवायचे, आत पोकळ. मूर्ती तळहातात मावेल एवढी, पण कानातली जाड कुंडलं, केसांतली फुलं, गळ्यातल्या माळांचे पदर वेगवेगळे मोजता येतात. दागिना घालणारी बाई आणि तिचा दागिना एकाच मातीत, एकाच दाबात उमटलेले. ज्याला एवढ्या बारकाईचा साचा कोरता येतो, त्याच्या हाताला नाण्याचा ठसा म्हणजे सुट्टीतलं काम.

तेर आणखी एका माणसाचं गाव. गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं. संतमंडळी जमली असताना मुक्ताईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं आणि नामदेवाचं मडकं कच्चं ठरवलं, ही गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तिच्यातला अध्यात्माचा भाग बाजूला ठेवला तरी धंद्याचा भाग शंभर टक्के खरा आहे. नीट भाजलेली माती खणखणते, कच्ची किंवा तडकलेली बद्द वाजते. मातीचे दागिने करणाऱ्या बायका आजही पदक नखाने वाजवून बघतात.

कारण आज हे काम बहुतेक बायकाच करतात. शांतिनिकेतनच्या सोनाझुरीच्या हाटात, चेन्नईच्या घरगुती वर्गांत, आपल्याकडे बचत गटांच्या स्टॉलवर आणि भीमथडी जत्रेसारख्या प्रदर्शनांत इरकल किंवा खादीवर घालायला टेराकोटाचे सेट दिसतात. कुंभाराचा धंदा आणि हा धंदा मात्र वेगळे. मडक्याच्या मातीत राख, वाळू, लीद मिसळतात, म्हणजे ती आच सोसते आणि तडकत नाही. पदकाला असली भरड माती चालत नाही, नक्षीच्या रेषेत खडा आला की रेष मोडते. म्हणून माती पाण्यात कालवून ठेवायची, जड रेती खाली बसू द्यायची, वरचं दाट पाणी फडक्यातून गाळून घ्यायचं आणि ते आटवायचं. मग मळणं. मळताना हवा राहिली तर भट्टीत पदक फुटतं, असं सर्रास सांगितलं जातं. खरं तर फोडते ती वाफ. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. वरून वाळलेल्या पदकाच्या पोटात थेंबभर ओल राहिली तरी पुरते.

पदकाचा घाट फार अवघड नाही. शंकरपाळ्यासाठी लाटतो तेवढ्या जाडीची पोळी लाटायची, बांगडीच्या काठाने किंवा सुरीने आकार कापायचा, पान, मोर, कोयरी, काय हवं ते. नक्षी दातकोरणीने, पेनाच्या टोपणाने, जुन्या लेसच्या तुकड्याने उठते. खरी परीक्षा भोकाची. ओल्या मातीत ते पाडलं तर सुईबरोबर माती ओढली जाते आणि कडा वाकडी होते. कडक वाळल्यावर पाडायला गेलं तर चर्रकन तडा जातो. मधली एक वेळ असते: माती बोटाला लागत नाही पण नख दाबलं तर उमटतं, हात लावला तर गार लागते. तेव्हा विणायची सुई सरळ उभी धरून, दाब न देता फिरवत फिरवत आरपार न्यायची. पलीकडून जो कंगोरा निघतो तो लगेच काढायचा नाही, थोडा सुकू द्यायचा, मग ओल्या बोटाने आतून पुसायचा. हा कंगोरा राहिला तर भाजल्यावर त्याची धार होते आणि चार महिन्यांत दोरा कापते. पदक मग हरवतं आणि दोष दोऱ्याला जातो. भोकाच्या वर निदान भोकाएवढी तरी माती ठेवावी लागते, नाही तर तिथेच तुटतं. शिवाय माती वाळताना आणि भाजताना आठ-दहा टक्के आकसते, भोकही आकसतं. ज्याने हे धरलं नाही त्याच्याकडे सुबक, न ओवता येणाऱ्या पदकांचा डबा असतो.

भोकाऐवजी कडी हवी तर तिची छोटी वळी वेगळी करायची, दोन्हीकडे चरे पाडायचे, पातळ माती लावून जोडायची. बाजारातले बरेच जण हा त्रास घेत नाहीत. वळीच्या जागी तांब्याची तार खोचतात किंवा मागून फेव्हिक्विकने हूक चिकटवतात. डिंक वर्षभरात दगा देतो.

वाळवणं सावलीत, फडक्याखाली, मधूनमधून उलटून. कडा आधी वाळतात आणि पोटाला ओढतात, त्यामुळे उन्हात टाकलेलं पदक वाटीसारखं वळतं. रंग नैसर्गिक हवा असेल तर याच वेळी कावेचा पातळ हात द्यायचा आणि गुळगुळीत गोट्याने किंवा चमच्याच्या पाठीने घोटायचं. ती झिलई भाजल्यावरही टिकते. भाजून झाल्यावर ॲक्रिलिक फासण्याची पद्धत आता जास्त चालते. सोनेरी रंग लावला की टेम्पल ज्वेलरी म्हणून विकता येते. मला ती आवडत नाही. मातीने सोन्याचं सोंग घेतलं की तिची मातीही जाते आणि सोनं येत नाहीच. पण तेरच्या कारागिराला हेच सांगायला गेलो असतो तर तो हसला असता, हेही खरं.

भाजायला मोठा आवा लागत नाही. मडक्यात लाकडाचा भुसा, त्यात पदकं एकमेकांना न टेकता, वर झाकण, भोवती गोवऱ्या. ज्यांना जमतं त्या विजेची छोटी भट्टी घेतात. सुरुवातीला घाई करायची नाही, शंभर अंशांच्या आसपास ओल निघून जाऊ द्यायची. पाचशेच्या पुढे मातीच्या कणांत बांधलेलं पाणी सुटतं आणि तिथून परतीचा रस्ता बंद होतो, मग ती पुन्हा चिखल होत नाही. 573 अंशांना मातीतल्या गारेचे कण एकदम फुगतात आणि निवताना तिथेच एकदम आकसतात, म्हणून गरम भट्टी उघडून बघण्याचा मोह महाग पडतो. 800 ते 900 पर्यंत गेलं की पदक पक्कं. हवा खेळती असेल तर लोहामुळे लाल. शेवटी हवा कोंडून धूर दिला तर काळं. एकाच ढेकळातून दोन रंग, दुकानातून काही न आणता.

इथे एक सांगायला हवं. हल्ली ‘क्ले ज्वेलरी’ म्हणून जे झगझगीत रंगाचं मिळतं ते पुष्कळदा पॉलिमर क्ले असतं. ते मऊ केलेलं पीव्हीसी. घरच्या ओव्हनमध्ये साधारण 130 अंशांवर घट्ट होतं. त्यात फार बारीक आणि सुंदर काम करणारे लोक आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती माती नव्हे. तिला टेराकोटाचं लेबल लावून विकणं ही लबाडी. दुसरी लबाडी जास्त घरगुती: शाडू वाळवायचा, भाजायचाच नाही, वर रंग आणि वॉर्निश. दिसायला बेष्ट. पहिल्या घामाला गळ्यावर ओघळ.

प्रदर्शनात गिऱ्हाईक हमखास विचारतं, “ताई, फुटणार नाही ना?” यावर एका स्टॉलवर ऐकलेलं उत्तर मला फार आवडलं: “घातलंत तर नाही, आपटलंत तर हो.” फरशीवर पडलं तर पदक जातंच. बाकी घामाने, पाण्याने, उन्हाने त्याला काही होत नाही. वॉर्निश नसेल तर ते सच्छिद्र असतं. मागच्या बाजूला अत्तराचा थेंब टाकला तर दिवसभर पुरतो आणि वळवाच्या वासाचं, मातीपासून काढलेलं कन्नौजचं खरं अत्तर असेल तर तिथली माती पदकाच्या मातीत मुरते. विकत घेताना तीन गोष्टी करायच्या: नखाने वाजवायचं, भोकातून करंगळीच्या नखाचं टोक फिरवून धार आहे का बघायचं आणि वॉर्निश नसलेली मागची बाजू ओठाला लावायची. भाजलेली कोरी माती ओठाची ओल शोषते आणि किंचित चिकटते. चौथी गोष्ट विकणारीलाच करायला सांगायची, पदक पाण्याच्या पेल्यात टाक म्हणून. जी बाई मागेपुढे न बघता टाकते तिच्याशी भाव करू नये.